अणूच्या उडीचा हिशेब

मॉन्ट्रियलच्या मॅक्‌गिल विद्यापीठात १८९९ साली अर्नेस्ट रदरफर्ड थोरियमच्या संयुगांवर प्रयोग करत होता. थोरियममधून एक वायू बाहेर पडतो आणि तो वायूही किरण सोडतो, हे त्याच्या लक्षात आलं. तो वायू वेगळा काढला, तर त्याची किरण सोडण्याची ताकद साधारण मिनिटभरात निम्मी होई, पुढच्या मिनिटात निम्म्याची निम्मी आणि त्यापुढच्या मिनिटात त्याचीही निम्मी. पुढे फ्रेडरिक सॉडीच्या साथीने त्याने अनेक किरणोत्सारी पदार्थ तपासले. प्रत्येकाचं अर्धायुष्य, म्हणजे ताकद निम्मी व्हायला लागणारा काळ, वेगळं निघालं, पण घट होण्याची तऱ्हा सगळीकडे तीच. उष्णता दिली, थंड केलं, रासायनिक प्रक्रिया केल्या, तरी तो वेग हलेना.

या नियमात एक विलक्षण गोष्ट दडलेली होती. दहा मिनिटं तग धरून राहिलेला अणू आणि आत्ताच जन्मलेला अणू, दोघांचीही पुढच्या मिनिटात फुटण्याची शक्यता अगदी सारखी. म्हणजे अणूला वय नसतं. १९०५ मध्ये एगॉन फॉन श्वायडलर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हे थेट संभाव्यतेच्या भाषेत मांडलं. प्रत्येक अणूची फुटण्याची शक्यता ठरलेली असेल, तर मोजणीत त्या हिशेबाप्रमाणे थोडे चढउतार दिसलेच पाहिजेत, असं त्याचं म्हणणं होतं. ते पुढच्या काही वर्षांत दिसलेही. मात्र ही शक्यता युरेनियमसाठी एवढी का आणि थोरियमच्या वायूसाठी तेवढी का, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. दर मोजता येत होता, काढता येत नव्हता.

हीच अडचण थोड्याच वर्षांत प्रकाशाच्या बाबतीत उभी राहिली. मार्च १९१३ मध्ये नील्स बोरने कोपनहेगनहून आपल्या नव्या अणुसिद्धांताचं हस्तलिखित रदरफर्डकडे पाठवलं. अणूतला इलेक्ट्रॉन ठरावीक ‘स्थिर अवस्थां’मध्येच राहतो आणि एका अवस्थेतून दुसरीत उडी मारताना प्रकाश देतो, असं त्यात मांडलं होतं. रदरफर्डने कौतुक केलं, पण एक शंकाही काढली. कोणत्या कंपनसंख्येने कंप पावायचं, हे इलेक्ट्रॉन उडी मारताना ठरवतो कसा? आपण कुठे जाऊन थांबणार हे त्याला आधीच ठाऊक असावं, असं धरून चालल्यासारखं दिसतं. बोरकडे याचं उत्तर नव्हतं. त्याच्या सिद्धांताने हायड्रोजनच्या वर्णरेषांच्या जागा अचूक सांगितल्या, पण एक रेषा ठळक आणि दुसरी पुसट का, हे तो सांगू शकत नव्हता. रेषेचा ठळकपणा म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या उड्यांची संख्या. थोडक्यात, इथेही दराचाच प्रश्न अडला होता.

हे दोन प्रश्न एकाच सूत्रात पहिल्यांदा ओवले ते आल्बर्ट आइन्स्टाइनने. नोव्हेंबर १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता पुरी करून तो पुन्हा प्रारणाकडे वळला होता. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि तो बर्लिनमध्ये होता. १९१६ च्या उन्हाळ्यात त्याने एक साधी कल्पना केली. एका बंद पेटीत वायूचे रेणू आणि प्रारण एकाच तापमानाला समतोलात आहेत. रेणू तीनच गोष्टी करू शकतात: प्रकाश शोषून वरच्या पातळीवर जाणं, आजूबाजूच्या प्रकाशाच्या प्रभावाने खाली येणं आणि कसलंही बाह्य कारण नसताना आपोआप खाली येणं. तिसऱ्या प्रकारासाठी त्याने जो नियम धरला, तो किरणोत्सर्गाच्या नियमासारखाच आहे, हे त्याने स्वतःच नमूद केलं. या तीन दरांचा ताळा जमवताच प्लांकचं प्रारणसूत्र आपोआप बाहेर पडलं. पुढे ज्याच्यावर लेझर उभा राहिला, ते उद्दीपित उत्सर्जनही याच मांडणीतून आलं.

पण या यशाला दोन उणिवा होत्या आणि आइन्स्टाइनने त्या लपवल्या नाहीत. पहिली, त्याला दरांमधली गुणोत्तरं मिळाली, खुद्द दर मिळाले नाहीत. उत्स्फूर्त उत्सर्जनाचा गुणांक ‘ए’ आणि उद्दीपित उत्सर्जनाचा गुणांक ‘बी’ यांचं गुणोत्तर कंपनसंख्येच्या घनाच्या प्रमाणात असतं, एवढंच कळलं. दुसरी उणीव त्याला जास्त सलत होती. रेणू नेमका कधी आणि कोणत्या दिशेला प्रकाश फेकेल, हे त्याच्या सिद्धांताने यदृच्छेवर सोडलं होतं. ही तात्पुरती लंगडी बाजू आहे, खरा सिद्धांत आला की ती जाईल, अशी त्याची धारणा होती.

खरा सिद्धांत, म्हणजे पुंजयांत्रिकी, १९२५-२६ मध्ये आला आणि त्याने ती बाजू कायमची करून टाकली. हायझेनबर्गच्या मांडणीत एका अवस्थेचं नावच घेतलं जात नव्हतं, तिथे दोन अवस्थांना जोडणाऱ्या संख्यांचा तक्ता होता. त्या संख्यांच्या वर्गातून रेषांची तीव्रता काढता येई. १९२६ च्या उन्हाळ्यात गॉटिंगेनच्या माक्स बोर्नने कणांच्या टकरींचा अभ्यास करताना श्रोडिंगरच्या तरंगफलनाचा संबंध संभाव्यतेशी जोडला. गंमत म्हणजे मूळ मजकुरात त्याने फलनालाच संभाव्यता म्हटलं होतं. फलनाचा वर्ग घ्यायला हवा, ही दुरुस्ती मुद्रितं तपासताना तळटीपेत घातली गेली. पुढे सगळ्या पुंजयांत्रिकीचा अर्थ त्या तळटीपेवर उभा राहिला.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत श्रोडिंगर कोपनहेगनला बोरच्या घरी पाहुणा म्हणून गेला. हायझेनबर्गने लिहून ठेवलंय, की वाद सकाळी सुरू व्हायचा तो रात्री उशिरापर्यंत चालायचा. श्रोडिंगर आजारी पडला, बोरच्या पत्नीने त्याची शुश्रूषा केली, पण बोर पलंगाशेजारी बसून वाद घालतच राहिला. श्रोडिंगरला उड्या नकोशा होत्या, त्याला सारं काही सलग वाहणाऱ्या तरंगांत बसवायचं होतं. बोरला उड्यांवाचून गत्यंतर दिसत नव्हतं. कोणीही माघार घेतली नाही.

या वादापासून दूर, त्याच शहरात, चोवीस वर्षांचा एक अबोल इंग्रज तरुण कागदावर हिशेब मांडत बसला होता. पॉल डिरॅक सप्टेंबर १९२६ मध्ये केंब्रिजहून कोपनहेगनला आला होता. येण्याआधीच, ऑगस्टमध्ये, एखाद्या अणूवर काळानुसार बदलणारं क्षीण बल लावलं तर त्याची अवस्था हळूहळू कशी बदलते, याची गणिती रीत त्याने तयार केली होती. तिच्यातून आइन्स्टाइनचा ‘बी’ मिळाला, ‘ए’ मिळाला नाही. कारण उघड होतं. प्रकाश हे बाहेरून लादलेलं बल मानलं, तर पूर्ण अंधारात अणूला ढकलायला कोणीच नसतं. मग तो आपोआप खाली यावा तरी कशाने? डिरॅकने प्रकाशक्षेत्रालाही पुंजयांत्रिकीचे नियम लावले. तसं करताच एकही फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, नसलेलं क्षेत्रसुद्धा अणूशी जोडलेलं राहतं, असं दिसून आलं आणि ‘ए’ हिशेबातून बाहेर पडला. हा शोधनिबंध बोरने फेब्रुवारी १९२७ च्या सुरुवातीला रॉयल सोसायटीकडे पाठवला. आइन्स्टाइनने गृहीत धरलेला आकडा अकरा वर्षांनी सिद्ध करून दाखवला गेला.

या हिशेबाचं मर्म समजून घेण्यासारखं आहे. अणू वरच्या अवस्थेत असताना प्रकाशक्षेत्राशी असलेला त्याचा क्षीण संबंध त्याच्या तरंगफलनात इतर अवस्थांचा थोडाथोडा अंश मिसळत जातो. एकाच अंतिम अवस्थेकडे पाहिलं, तर हा अंश वेळेच्या प्रमाणात वाढतो. संभाव्यता म्हणजे अंशाचा वर्ग, तेव्हा ती वेळेच्या वर्गाने वाढायला हवी: दुप्पट वेळ, चौपट शक्यता. पण थोरियमचा वायू तसा वागत नाही. तिथे छोट्या अवधीत दुप्पट वेळ म्हणजे दुप्पट शक्यता, आणि तेवढीच. मग हा पेच सुटतो कसा?

तो सुटतो अंतिम अवस्थांच्या गर्दीमुळे. झोपाळ्याला ठेका चुकवून धक्के दिले, तर झोका थोडा वेळ वाढतो आणि मग तेच धक्के त्याला मारू लागतात. ठेका जितका नेमका, तितका जास्त वेळ झोका चढत राहतो. इथे ठेका जुळणं म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची एकूण ऊर्जा जुळणं. फोटॉनच्या बारीकबारीक फरकाच्या असंख्य अवस्था उपलब्ध असतात. सुरुवातीला त्यातल्या बऱ्याच अवस्थांचा अंश वाढतो, पण जसजसा वेळ जातो, तसतशा ऊर्जा न जुळणाऱ्या अवस्था गळत जातात. वाढत राहणाऱ्या अवस्थांचा पट्टा वेळेच्या व्यस्त प्रमाणात अरुंद होतो. प्रत्येकीची संभाव्यता वेळेच्या वर्गाने वाढते आणि अशा अवस्थांची संख्या वेळेने भागली जाते. गुणाकार केला की उरतो नुसता वेळ. म्हणून दर सेकंदाला ठरावीक शक्यता असते, आणि म्हणूनच अणूला वय नसतं.

या हिशेबातून निघणाऱ्या दराच्या सूत्रात दोनच गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे दुवा: सुरुवातीची आणि शेवटची अवस्था एकमेकींशी किती घट्ट जोडलेल्या आहेत. या संख्येचा वर्ग घ्यायचा. दुसरी म्हणजे जागा: योग्य ऊर्जेच्या आसपास अंतिम अवस्था किती दाटीने उपलब्ध आहेत. दुव्याचा वर्ग गुणिले जागा, त्याला २π भागिले प्लांकचा लघुस्थिरांक या संख्येने गुणलं, की दर मिळाला. आइन्स्टाइनला सापडलेल्या कंपनसंख्येच्या घनाचंही कोडं यातून उलगडतं: त्यातले दोन घात जागेतून येतात आणि तिसरा एकट्या फोटॉनच्या क्षेत्राच्या तीव्रतेतून.

डिरॅकच्या निबंधानंतर पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, अणुकेंद्राचा गड पडला. १९११ मध्ये गायगर आणि नटॉल यांनी दाखवलं होतं, की ज्या मूलद्रव्याचे अल्फा कण जास्त जोमाने बाहेर पडतात, ते लवकर संपतं. हा संबंध अंगावर येणारा होता. युरेनियम-२३८ चा अल्फा कण सुमारे ४.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा आणि अर्धायुष्य साडेचार अब्ज वर्षांचं. पोलोनियम-२१२ चा कण सुमारे ८.८ दशलक्षाचा आणि अर्धायुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही एकतृतीयांश. ऊर्जा दुप्पट होताच आयुष्यात एकावर तेवीस शून्यांहून मोठा फरक! १९२८ च्या उन्हाळ्यात लेनिनग्राडहून गॉटिंगेनला आलेल्या चोवीस वर्षांच्या जॉर्ज गॅमॉवने ग्रंथालयात रदरफर्डचा यावरचा निबंध वाचला. त्यातलं स्पष्टीकरण त्याला पटलं नाही. अल्फा कणाला विद्युतबलाचा बांध ओलांडायला ऊर्जा पुरत नाही हे खरं, पण त्याचं तरंगफलन बांधाच्या आतून क्षीण होत होत पलीकडे पोचतं. बांधाची जाडी थोडी बदलली तरी हे क्षीण होणं प्रचंड बदलतं, आणि आयुष्यांमधली ती अफाट तफावत समजते. त्याच सुमारास प्रिन्स्टनमध्ये गर्नी आणि काँडन स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले होते.

राहिला होता बीटा ऱ्हास. अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, पण आत तर इलेक्ट्रॉन असूच शकत नाही, मग तो येतो कुठून? रोमचा एन्रिको फर्मी डिरॅकचा प्रारणसिद्धांत कोळून प्यायला होता. १९३० मध्ये अमेरिकेत ॲन आर्बरला त्याने त्यावर दिलेली व्याख्यानं १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि एका पिढीने हा विषय त्यांतूनच शिकून घेतला. १९३३ च्या अखेरीस त्याने तीच रीत बीटा ऱ्हासाला लावली. दिव्यातून निघणारा फोटॉन आधी अणूत बसलेला नसतो, तो उडीच्या क्षणी निर्माण होतो. तसेच इलेक्ट्रॉन आणि पाउलीने सुचवलेला न्यूट्रिनो हेही त्याच क्षणी जन्माला येतात. नाताळच्या सुट्टीत आल्प्समध्ये स्कीइंगला गेलेल्या सहकाऱ्यांना त्याने हॉटेलच्या खोलीत हा सिद्धांत समजावून सांगितला. ‘नेचर’ने निबंध नाकारला, असं सांगितलं जातं. तो आधी इटालियनमध्ये आणि १९३४ मध्ये जर्मनमध्ये छापून आला.

बीटा ऱ्हासात दुवा आणि जागा यांची वाटणी फारच स्पष्ट दिसते. इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रिनो दोघांत ऊर्जा वाटली जात असल्यामुळे उपलब्ध ऊर्जा वाढली की जागा झपाट्याने वाढते, मोठ्या ऊर्जांसाठी जवळजवळ पाचव्या घाताने. त्यामुळे जास्त ऊर्जेचा ऱ्हास लवकर व्हायला हवा. पण ट्रिटियम आणि कार्बन-१४ यांची तुलना करा. ट्रिटियमच्या ऱ्हासात जेमतेम १८.६ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात आणि अर्धायुष्य १२.३ वर्षं. कार्बन-१४ मध्ये मिळतात १५६ हजार, म्हणजे आठ पटींहून जास्त, तरी त्याचं अर्धायुष्य ५७३० वर्षं. जागा भरपूर आहे, पण दुवा जवळपास शून्य आहे: अणुकेंद्राच्या रचनेमुळे त्यातली पदं एकमेकांना खोडून काढतात. उत्खननात सापडलेल्या कोळशाचं वय आपल्याला काढता येतं, ते या खोडाखोडीमुळे.

दुसऱ्या महायुद्धानंतर फर्मी शिकागोला शिकवू लागला. १९४९ च्या पहिल्या सहामाहीत त्याने अणुकेंद्रीय भौतिकीचा जो अभ्यासक्रम घेतला, त्याची टिपणं ओरिअर, रोझनफेल्ड आणि श्लूटर या तीन विद्यार्थ्यांनी तयार केली आणि ती पुस्तकरूपाने निघाली. दराच्या सूत्राला फर्मीने तिथे ‘सुवर्णनियम क्रमांक २’ म्हटलं होतं. क्रमांक १ हे त्याचंच पुढच्या पायरीचं रूप, म्हणजे थेट दुवा नसताना मधल्या अवस्थेमार्गे होणाऱ्या संक्रमणाचं. पुस्तक जगभर वाचलं गेलं आणि नियमाला फर्मीचं नाव कायमचं चिकटलं. वस्तुतः नियम डिरॅकचा. वेंट्झेलनेही १९२७ मध्येच प्रकाशाविना होणाऱ्या उड्यांसाठी तसंच सूत्र काढलं होतं. फर्मीचं श्रेय वेगळं आहे: हे सूत्र कोणत्याही संक्रमणाला लावता येतं, हे त्याने करून दाखवलं.

सूत्रात ‘जागा’ आहे, याचा एक परिणाम बराच काळ कोणाच्या लक्षात आला नव्हता. जागा अणूची नसते, ती परिसराची असते. १९४६ मध्ये हार्वर्डच्या एडवर्ड पर्सेलने अर्ध्या पानाच्या एका टिपणात हे मांडलं. १० मेगाहर्ट्‌झला चुंबकीय अणुकेंद्राच्या उत्स्फूर्त संक्रमणाला ५ गुणिले १०²¹ सेकंद लागतील, म्हणजे विश्वाच्या वयाच्या सुमारे दहा हजार पट. मात्र त्याच कंपनसंख्येला जुळवलेल्या विद्युत मंडलाच्या सान्निध्यात, अतिसूक्ष्म धातुकणांच्या साहाय्याने, हा काळ मिनिटांवर आणता येईल. १९८३ मध्ये पॅरिसला सर्ज हारोश आणि सहकाऱ्यांनी धातूच्या पोकळीत सोडियमचे अणू सोडून उत्सर्जनाचा वेग वाढवून दाखवला. १९८५ मध्ये एमआयटीत डॅनियल क्लेप्नरच्या गटाने उलट केलं: धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये जागाच नाहीशी करून उत्सर्जन रोखलं. रदरफर्डच्या काळी अढळ वाटणारा वेग, निदान प्रकाशाच्या बाबतीत, माणसाच्या हातात आला.

याच पर्सेलने १९५१ मध्ये युअनबरोबर आकाशगंगेतल्या हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेडिओलहर पकडली. हायड्रोजनची अतिनील पट्ट्यातली नेहमीची उडी १.६ नॅनोसेकंदात होते, या उडीला मात्र सरासरी १ कोटी १० लाख वर्षं लागतात. तिची कंपनसंख्या सुमारे सतरा लाख पटींनी कमी, आणि घन केला की मंदपणा कुठल्या कुठे जातो. शिवाय तिचा दुवा चुंबकीय, म्हणून आणखी क्षीण. तरीही दीर्घिकांत हायड्रोजन इतका आहे, की ही लहर सतत येत राहते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे जीएमआरटीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या हीच लहर टिपण्याचंही काम करतात.

मुंबईशीही या कथेचा एक धागा जुळतो. १९५४-५५ च्या हिवाळ्यात डिरॅक टाटा मूलभूत संशोधन संस्थेत व्याख्यानं द्यायला आला होता. संस्था तेव्हा गेटवे ऑफ इंडियाजवळ जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत होती. व्याख्यानांची टिपणं काढणाऱ्या दोघांपैकी एक होता केरळहून आलेला जॉर्ज सुदर्शन. १९७७ मध्ये त्याच ई. सी. जी. सुदर्शन यांनी बैद्यनाथ मिश्रांसह डिरॅकच्या हिशेबाच्या अगदी सुरुवातीच्या क्षणावर बोट ठेवलं. अंतिम अवस्थांचा तो पट्टा अरुंद व्हायला थोडा वेळ लागतो. त्याआधी संभाव्यता वेळेच्या वर्गानेच वाढते, म्हणजे जवळपास वाढतच नाही. तेव्हा त्या इवल्या अवधीत पुन्हा पुन्हा निरीक्षण करत राहिलं, तर उडी लांबतच जाईल. १९९० मध्ये अमेरिकेत बोल्डरच्या प्रयोगशाळेत बेरिलियम आयनांच्या बाह्य लहरीने घडवलेल्या संक्रमणात हा परिणाम दिसला. १९९७ मध्ये टेक्सासमध्ये प्रकाशाच्या जाळीतून निसटणाऱ्या सोडियम अणूंत तो सुरुवातीचा टप्पा थेट मोजला गेला. अणूला वय नसतं, हा नियमही त्या पहिल्या क्षणापुरता खोटा ठरला.

श्रोडिंगरने १९५२ मध्येही उड्यांना विरोध सोडला नव्हता. एकट्या अणूवर आपण कधी प्रयोग करतच नाही, असं त्याने लिहिलं होतं. १९८६ मध्ये सिॲटल, बोल्डर आणि हॅम्बुर्ग इथल्या तीन गटांनी एकेकटा आयन पकडून त्याचा प्रकाश अचानक विझताना आणि अचानक पेटताना पाहिला. प्रत्येक वेळी उडी कधी होईल, हे आधी कळत नव्हतं. अनेक उड्यांची सरासरी मात्र सूत्राबरहुकूम निघाली.

भौतिकशास्त्राने ‘कधी’ हा प्रश्न सोडून दिला आणि त्या बदल्यात ‘किती वेगाने’ याचं पक्कं उत्तर मिळवलं. व्यवहार फायद्याचा ठरला. कर्करोगाच्या पेट तपासणीत वापरल्या जाणाऱ्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं आहे. सायक्लोट्रॉनमधून निघालेलं औषध कोणत्या रुग्णाला किती वाजता टोचायचं, याचं वेळापत्रक त्या आकड्यावर बेततात आणि ते चुकत नाही. त्यातलं कोणतं अणुकेंद्र पुढच्या मिनिटाला फुटेल, हे सांगणारं सूत्र कोणाकडेही नाही, आणि पुंजयांत्रिकी आज मान्य असलेल्या स्वरूपात खरी असेल, तर ते पुढेही कोणाला सापडणार नाही.